शिष्यवृत्ती देणारा राजा

आपल्या देशात दानाची परंपरा फार जुनी आहे. वाटसरूंसाठी विहिरी खोदाव्यात, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधाव्यात, उन्हाळ्यात पाणपोया घालाव्यात, दुष्काळात अन्नछत्रे उघडावीत, हा अनेक राजे, सरदार आणि सावकार यांचा परिपाठ होता. त्यातून असंख्य भुकेल्या-तहानेल्यांची सोय झाली. परंतु या दानालाही एक कुंपण होते. ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांना त्या विहिरीवर चढता येत नसे आणि धर्मशाळेच्या ओसरीवर टेकताही येत नसे. दान देणाऱ्याला पुण्य मिळे, घेणाऱ्याची त्या दिवसाची गरज भागे. मात्र घेणारा समाजात ज्या पायरीवर उभा असे, त्याच पायरीवर तो राही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोद्याच्या एका राजाने ही पायरीच बदलण्याच्या कामी आपली सत्ता आणि संपत्ती लावली. त्या राजाचे नाव महाराजा सयाजीराव गायकवाड.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळ. वडील काशीराव आणि आई उमाबाई हे शेतीवर गुजराण करणारे कुटुंब. गायकवाड घराण्याशी त्यांचे दूरचे नाते असले, तरी राजवैभवाचा त्यांच्या घराशी काहीही संबंध उरलेला नव्हता. गोपाळचे बालपण शेत, गुरेढोरे आणि गावातील सवंगडी यांच्यात गेले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते म्हटले तरी चालेल.

त्याच सुमारास बडोद्यात मोठी उलथापालथ झाली. गैरकारभाराच्या आरोपावरून इंग्रज सरकारने १८७५ साली मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून दूर केले. त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्याच्या निरनिराळ्या शाखांतील मुलांचा शोध सुरू झाला आणि कवळाण्याच्या काशीरावांच्या मुलांपैकी गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधी होऊन ते सयाजीराव झाले. शेतकऱ्याचा मुलगा एका दिवसात संस्थानचा अधिपती झाला.

राजपद एका दिवसात मिळाले, पण विद्या तशी मिळणार नव्हती. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास सुरू झाला. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू या भाषा, गणित, इतिहास, घोडेस्वारी, व्यायाम असा दिवसभराचा कार्यक्रम असे. ज्या वयात इतर मुले पुस्तके वाचत, त्या वयात त्यांना अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागला. दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडून त्यांनी राज्यकारभाराचे धडे घेतले. उशिरा शिकावे लागल्याने शिक्षणाचे मोल त्यांना स्वानुभवाने कळले होते. पुढील आयुष्यात पुस्तक त्यांच्या हातून कधी सुटले नाही. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राज्याची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली.

बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते. राजघराणे मराठी, तर बहुसंख्य प्रजा गुजराती बोलणारी. त्यात व्यापारी होते, पाटीदार शेतकरी होते, डोंगराळ भागातील आदिवासी होते आणि गावकुसाबाहेर राहणारे, त्या काळी अंत्यज म्हणून ओळखले जाणारे लोक होते. तरुण राजाने संस्थानात फिरून ही प्रजा जवळून पाहिली. ज्यांना शाळेचा उंबरठा ओलांडता येत नाही, त्यांच्यापर्यंत राज्याने स्वतः गेले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

अधिकार मिळाल्यानंतर अल्पावधीतच सयाजीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढण्याचा हुकूम दिला. हुकूम काढणे सोपे होते. तो अमलात आणणे कठीण होते. या शाळांत शिकवायला उच्चवर्णीय शिक्षक तयार होईनात. जो जाई त्याला जातीचा रोष पत्करावा लागे. अखेर मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षकांनी हे काम हाती घेतले. पंजाबमधील आर्यसमाजाचे कार्यकर्ते पंडित आत्माराम यांना महाराजांनी १९०८ साली मुद्दाम बोलावून घेतले आणि अंत्यज शाळांची देखरेख त्यांच्यावर सोपवली. मुलांना पाट्या-पुस्तके फुकट मिळू लागली. वसतिगृहे निघाली. सोनगड येथे आदिवासी मुलांसाठी राहण्या-जेवणाच्या सोयीसह शाळा सुरू झाली. मोफत शाळा उघडल्याने गरीब मूल शिकेलच असे नाही, त्याच्या पोटाची आणि निवाऱ्याचीही व्यवस्था करावी लागते, हे महाराजांनी ओळखले होते.

याच काळात महात्मा जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा संबंध आला. शेतकऱ्यांच्या दैन्याचे वर्णन करणारा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा आपला ग्रंथ जोतीरावांनी बडोद्यास महाराजांना वाचून दाखवला. त्यात राज्यकर्त्यांवर आणि वरिष्ठ वर्णांवर कठोर टीका होती. महाराजांनी ती ऐकून घेतली, जोतीरावांचा सत्कार केला आणि त्यांना द्रव्यसाहाय्यही दिले. याची कृतज्ञ नोंद जोतीरावांनी ग्रंथाच्या उपोद्घातात केली आहे.

सयाजीरावांचे सर्वांत धाडसी पाऊल म्हणजे सक्तीचे प्राथमिक शिक्षण. १८९३ साली काठेवाडातील अमरेली तालुक्यात, निवडक गावांपुरता, हा प्रयोग सुरू झाला. शिक्षण मोफत होते, पण ऐच्छिक नव्हते. ठरावीक वयाच्या मुला-मुलींना शाळेत पाठवणे पालकांवर बंधनकारक होते आणि न पाठवणाऱ्यास दंड होता. त्या काळी इंग्रजी राज्यातही असा कायदा नव्हता. प्रयोगाचा अनुभव गाठीशी आल्यावर १९०६ साली सक्तीचे आणि मोफत शिक्षण संपूर्ण संस्थानात लागू करण्यात आले.

या योजनेला विरोधही झाला. ज्या घरात आठ वर्षांचे मूल गुरे राखते आणि दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, त्या घराला मुलाचा शाळेतील वेळ म्हणजे बुडालेली मजुरी वाटे. त्यावर दंड बसला की गरिबाचे दुहेरी नुकसान होई. ही तक्रार खोटी नव्हती. संस्थानी कारभारात दंडाची वसुली अनेकदा गरिबांनाच जाचक ठरली. परंतु महाराजांनी सक्ती मागे घेतली नाही. पालकाची आजची अडचण खरी असली, तरी मुलाच्या पुढील सबंध आयुष्याचा अधिकार तिच्यापायी जाऊ देऊ नये, अशी त्यांची धारणा होती. मुलींनाही हा कायदा लागू केल्यामुळे हजारो घरांतील मुलींच्या हाती प्रथमच पाटी-पेन्सिल आली.

बडोद्याच्या उदाहरणाचा प्रभाव संस्थानच्या सीमेबाहेरही पडला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्यातील प्रयोगाचा त्यांनी दाखला दिला. ते विधेयक मंजूर झाले नाही. जे एका भारतीय संस्थानात घडू शकते, ते इंग्रज सरकारला का जमू नये, हा प्रश्न मात्र देशापुढे उभा राहिला.

शाळेत शिकलेली अक्षरे पुढे वापरात राहिली नाहीत, तर ती विसरली जातात. हे लक्षात घेऊन महाराजांनी ग्रंथालयांकडे लक्ष वळवले. परदेश प्रवासात, विशेषतः अमेरिकेत, त्यांनी सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. तेथे सामान्य कामगारही पुस्तक घेऊन घरी जातो, याचा त्यांच्या मनावर ठसा उमटला होता. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. महाराजांनी आपला खासगी ग्रंथसंग्रह सार्वजनिक केला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या तळमळीच्या कार्यकर्त्यांनी ही चळवळ गावोगाव नेली.

गावातील ग्रंथालयासाठी केलेली पैशाची व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. गावकऱ्यांनी आधी आपली वर्गणी जमवायची. मग तेवढीच रक्कम संस्थान देई आणि तेवढीच स्थानिक पंचायत देई. अशा रीतीने ग्रंथालय राजाचे न राहता गावाचे होई. ज्या गावांत ग्रंथालय काढणे शक्य नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली जात. एका गावातील वाचून झाली की पेटी परत येई आणि दुसरी जाई. स्त्रियांसाठी स्वतंत्र वाचनालय निघाले. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही या योजनेत स्थान होते. ग्रंथालय खात्याची एक शाखा पडद्यावर चित्रे दाखवून आरोग्य, शेती आणि देशोदेशींची माहिती लोकांना विनामूल्य देत असे. प्रौढ माणसालाही शिकण्याचा हक्क आहे, हा विचार या योजनेमागे होता.

शिक्षणाबरोबर हाताला काम मिळावे म्हणून १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली. तेथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय शिकवले जात. १९०८ साली बँक ऑफ बडोदा सुरू झाली. सामाजिक सुधारणांसाठी कायद्याचाही आधार घेण्यात आला. १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. १९३१ साली हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोटाचा अधिकार देणारा कायदा झाला. जातपंचायतीच्या जुलमाला आळा घालणारा कायदा १९३३ सालचा. या कार्यात महाराणी चिमणाबाई यांचाही वाटा होता. त्यांनी पडद्याची प्रथा सोडली, स्त्रियांच्या प्रश्नांवर ग्रंथ लिहिला आणि १९२७ साली पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले.

होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणे हा सयाजीरावांच्या दातृत्वाचा आणखी एक पैलू होय. अनेक तरुणांना त्यांनी शिक्षणासाठी देशात आणि परदेशात पाठवले. विठ्ठल रामजी शिंदे यांना १९०१ साली ऑक्सफर्डला जाण्यासाठी महाराजांचे साहाय्य झाले. परत आल्यावर शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत अस्पृश्योद्धारासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन ही संस्था स्थापन केली. १९१८ साली मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी सयाजीराव होते. एका राजाने अशा परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या सर्व शिष्यवृत्त्यांत एक शिष्यवृत्ती भारताच्या इतिहासात चिरस्मरणीय ठरली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक बुद्धिमान विद्यार्थी शिकत होता. वडील सैन्यातून निवृत्त झालेले. घरची परिस्थिती बेताची. पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली. भीमरावांच्या गुणांची पारख असलेले गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर त्यांना सयाजीरावांकडे घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. या मदतीच्या बळावर भीमराव पदवीधर झाले.

पुढे १९१३ साली महाराजांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवण्याचे ठरवले. दरमहा साडेअकरा पौंड याप्रमाणे तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावी, असा करार झाला. त्या वर्षी जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांचा सखोल अभ्यास केला आणि १९१५ साली एम. ए. ची पदवी मिळवली. जेथे त्यांच्या स्पर्शाने कोणी विटाळत नव्हते, असे जग त्यांनी प्रथमच अनुभवले. तेथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले.

कराराप्रमाणे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंबेडकर बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. पुढे अर्थखात्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवावी, असा महाराजांचा विचार होता. परंतु बडोदे शहरात या उच्चशिक्षित अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. हिंदू वस्तीत कोणी घर देईना. नाइलाजाने त्यांनी पारशी नाव धारण करून एका पारशी खाणावळवजा वसतिस्थानात आश्रय घेतला. कचेरीतही शिपाई त्यांना स्पर्श होऊ नये म्हणून कागदपत्रे दुरूनच टेबलावर टाकत. अकराव्या दिवशी त्यांची खरी जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या पारशी लोकांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला. आंबेडकरांनी दोन परिचितांकडे निवारा मागितला. त्यांपैकी एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. त्यांच्या निवासाची व्यवस्था संस्थानच्या दिवाणांकडूनही होऊ शकली नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंत काही तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. दुःखाने आणि अपमानाने त्यांचे डोळे भरून आले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

या प्रसंगाने महाराजांच्या कार्याची मर्यादा उघड केली. राजा विद्यार्थ्याला सातासमुद्रापलीकडे पाठवू शकत होता; पण आपल्याच राजधानीत त्याला एक खोली मिळवून देऊ शकत नव्हता. हुकमाने शाळा उघडत होत्या, मात्र माणसांची मने उघडत नव्हती. स्वतः महाराज अस्पृश्यता मानत नव्हते. तथापि ज्या अधिकाऱ्यांच्या आणि नागरिकांच्या हातून राज्य चालत होते, ते जुन्या समजुती सोडायला तयार नव्हते. वरून केलेली सुधारणा खालपर्यंत झिरपायला वेळ लागतो आणि त्या मधल्या काळाची किंमत ज्याला मोजावी लागते, तो बहुधा सर्वांत दुबळा माणूस असतो.

सयाजीरावांच्या इतर मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. ते अनियंत्रित सत्ता असलेले राजे होते. प्रकृतीच्या कारणाने आणि प्रवासाच्या आवडीने त्यांचा पुष्कळ काळ परदेशात जाई. राजवाड्याचे वैभव आणि शाळांचा खर्च हे दोन्ही अखेर शेतकऱ्यांनी भरलेल्या साऱ्यातूनच येत असे. पण प्रजेचा पैसा प्रजेच्याच उन्नतीसाठी खर्च झाला पाहिजे, हे त्यांनी कर्तव्य मानले आणि त्यासाठी शाळा, ग्रंथालये, कायदे अशा टिकाऊ व्यवस्था निर्माण केल्या. मदत मागायला आलेल्याला राजाची मर्जी सांभाळावी लागू नये, तर नियमाने ती त्याच्या वाट्याला यावी, असा या व्यवस्थांचा हेतू होता.

अस्पृश्य मुलांच्या स्वतंत्र शाळा हा त्यांच्या दृष्टीने शेवटचा टप्पा नव्हता. आरंभी सवर्ण शाळांत प्रवेशच मिळत नसल्याने वेगळ्या शाळा काढाव्या लागल्या. तथापि वेगळेपणा कायम राहिला, तर भेदही कायम राहील. म्हणून १९३०च्या दशकाच्या आरंभी संस्थानाने अंत्यजांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचे धोरण स्वीकारले. काही गावांत याला तीव्र विरोध झाला. तरीही एका बाकावर बसून शिकणे हाच समतेचा मार्ग आहे, हे धोरण म्हणून राज्याने मान्य केले होते.

इंग्रज सत्तेपुढे लाचारी पत्करणेही त्यांच्या स्वभावात नव्हते. १९११ सालच्या दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांच्यापुढे त्यांनी अपेक्षित रिवाज पाळला नाही, किंचित झुकून पाठ फिरवून ते निघून गेले, म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांत मोठे काहूर माजले. कौटुंबिक आयुष्यात त्यांना दुःखेही पुष्कळ सोसावी लागली. पहिल्या पत्नीचे अकाली निधन झाले, तीन तरुण मुलांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. तरीही कामातील त्यांचे लक्ष ढळले नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. जवळजवळ चौसष्ट वर्षे ते बडोद्याच्या गादीवर होते. १९४९ साली बडोद्यात स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

बडोद्यातून अपमानित होऊन गेलेल्या आंबेडकरांनी महाराजांविषयी मनात कटुता ठेवली नाही. राजाचे उपकार आणि नगराचे वर्तन यांत त्यांनी फरक केला. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. मात्र केवळ कृतज्ञतेवर ते थांबले नाहीत. सहृदय राजा भेटला तरच दलित मुलाने शिकावे, ही स्थिती त्यांना मान्य नव्हती. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते. त्या संविधानाने सतराव्या कलमाद्वारे अस्पृश्यता नष्ट केली आणि सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करणे हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व ठरवले. २००२ सालच्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्यासाठीचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

अमरेलीच्या मोजक्या गावांत १८९३ साली जे सुरू झाले, ते देशातील प्रत्येक मुलाचा हक्क होईपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. या दीर्घ वाटचालीत अनेकांचा वाटा आहे. त्यात अंत्यज शाळेत शिकवण्यासाठी लोकनिंदा सोसणारे शिक्षक आहेत, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पोहोचवणारे कार्यकर्ते आहेत, मजुरी बुडवून मुलांना शाळेत पाठवणारे आईबाप आहेत. त्यांच्या बरोबरीने बाराव्या वर्षी अक्षरे गिरवायला बसलेल्या कवळाण्याच्या त्या शेतकरीपुत्राचे नावही आदराने घेतले जाते.